मथाक्काच्या कोंबड्यांचा उपास

मथाक्काबद्दल चांगलं लिहायला बसलं तर पुष्कळ लिहिता येईल, आणि त्यातलं एक अक्षर खोटं नसेल. माझा राग त्याचाच आहे. बाई मुळातच वाईट असती तर मी तिच्यावर एवढे कागद कशाला काळे केले असते?

वेळापूरपासून आत, कॅनॉलच्या कडेला आमची वाडी. आमचं आणि मथाक्काचं अंगण यांच्यामध्ये एक अर्धवट पडलेली भिंत आहे. मी दारात शिलाई मशीन टाकून ब्लाऊज-परकर शिवते. त्यामुळे तिच्या अंगणात काय चाललंय ते मुद्दाम न बघताही दिसायचं. मला स्वतःला कोंबड्यांची हौस नाही. बेतून ठेवलेल्या ब्लाऊजपिसावर कोंबडी शिटली की माझ्या तोंडून जे बाहेर पडतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. हौस होती ती माझ्या धाकट्या जावेला, रंजनाला. तिच्यापायीच मी हे लिहितेय.

मथाक्का उंच, हाडापेरानं मजबूत. नऊवारीचा पदर कंबरेला खोचलेला आणि बोटांना बारमाही लसणाचा वास. नाव मथुरा, पण त्या नावानं तिला तिचा नवरा तरी हाक मारत होता की नाही कुणास ठाऊक. सकाळी उठली की चुलीकडं जायच्या आधी ती खुराड्यापाशी जायची आणि बंद दाराला कान लावून उभी राहायची. आत कुणाचा श्वास घरघरतोय का ते ऐकायची. मग दार उघडून आधी रात्रीची शीट बघायची. पांढरी किती, हिरवी किती, पातळ किती. ते सगळं मनासारखं असलं तरच चहा. "आदी शीट, मंग च्या," असं ती म्हणायची, आणि पाहुण्यांसमोरही म्हणायची. पाहुण्यांचा चहा मग तसाच राहायचा.

कोंबड्यांना नावं ठेवायची तिची एक खोड होती. वाडीतल्या ज्या बाईची चाल जिच्याशी जुळेल तिचं नाव त्या कोंबडीला. एक करडी कोंबडी होती, ती एका जागी बसून दिवसभर कुणावर तरी करवादायची. तिचं नाव 'थोरली'. आमच्या घरातली थोरली सून मी. मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ती भिंतीवरून म्हणाली, "बग, आता ती थोरलीबी गप हाय." मग मला हसू आलंच.

तिचं औषधपाणी सगळं घरातलं. कोंबड्यांना लोळायला राखेचा खड्डा, त्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला चुरून टाकलेला. उवा-पिसवा झाल्या की खुराडं रिकामं करून आत लिंबाच्या पाल्याचा धूर, वर चुन्याचा हात. पायाला खवलं धरली की करंजाचं तेल आणि हळद. पिलांच्या तोंडावर देवीचे फोड आले की लिंबाचा पाला आणि हळद वाटून लेप. पाण्याची परळं रोज घासायची, आणि ती घासताना आम्हा सगळ्यांची भांडी कशी मळकट असतात ते मोठ्यानं सांगायची.

एकदा रंजनाच्या कोंबडीनं माझ्या मशीनखालचा दोऱ्याचा गुंता गिळला. गळ्याखालची पिशवी लिंबाएवढी फुगून कडक झाली, कोंबडी चोच उघडून उभी. मी म्हणाले, आता रस्सा. रंजनाच्या डोळ्यांत पाणी. मथाक्का भिंतीवरून आली, कोंबडी काखेत दाबली, एरंडेल पाजलं आणि मांडीवर घेऊन दुपारभर ती पिशवी बोटांनी मळत बसली. अंगाई म्हणावी तशी ती त्या कोंबडीला शिव्या देत होती. संध्याकाळपर्यंत पिशवी मऊ पडली, आणि पुढचे दोन दिवस माझा हिरवा दोरा अंगणभर निघत राहिला. त्या कोंबडीनं नंतर कितीतरी अंडी घातली.

जे जमणार नाही ते ती तोंडावर सांगायची, हेही तिचं. "ही जगायची न्हाय, आजच कापा," असं म्हणून उठायची, उगीच आशा लावायची नाही. कुणाकडून काही घ्यायची नाही. फार झालं तर अर्धा कप चहा, तोही बशीत. म्हणून वेळापुरापर्यंतच्या बाया म्हणायच्या, आक्काच्या हाताला गुण आहे.

ह्या 'गुण' शब्दाचं आमच्याकडं फार मोठं प्रस्थ आहे. उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली अंडी बसवायची ती अशाच हातानं. हाताला गुण नसेल तर अंडी नासून गदळतात, पिलं कवचात मरतात, असं सगळ्याजणी मानतात. मथाक्का अंडं उन्हाकडं धरून बघायची, कोळशानं रेघ मारायची आणि कोंबडीच्या पोटाखाली असं सरकवायची की तिला पत्ताही लागू नये. वाडीत कुठंही कोंबडी खुडूक बसली की आधी आक्काला बोलावणं.

आता रंजनाचं सांगते. दोन बाळंतपणांनंतर तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. म्हणजे खुरपायला जाणं बंद. आमच्या घरात कामाला न जाणाऱ्या बाईच्या ताटात भाकरी पडते, पण भाकरीबरोबर काय काय पडतं ते तिलाच माहीत. सासूबाई तिच्या तोंडावर म्हणायच्या, हिच्या अंगात आता राहिलंय काय. अशा दिवसांत मथाक्कानं तिला आपल्या अंगणात ओढली. कोंबडी कशी धरायची, पंखाखाली हात घालून ताप कसा बघायचा, सगळं शिकवलं. तिला स्वतःची लेक नव्हती, एकच मुलगा, तो सोलापुरात नोकरीला. ती रंजनाला लेकच म्हणायला लागली. आणि एकदा पाच-सात बाया जमलेल्या असताना तिनं रंजनाचा उजवा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाली, "माज्या मागं ह्योच हात. गुन हाय ह्येच्यात."

मी मशीनवरून बघत होते. ऑपरेशन झाल्यापासून त्या पोरीच्या शरीराबद्दल कुणी काही चांगलं बोललं असेल तर ते एवढंच. त्या दिवसापासून रंजना सरळ चालायला लागली. तिच्या कोंबड्या वाढल्या, अंडी वेळापूरच्या बाजारात जायला लागली, सासूबाईंचा आवाज उतरला. बाया तिला अंडी बसवायला बोलवायला लागल्या. हाताच्या त्या नावावर तिचं घरातलं उभं राहणं टिकून होतं.

आता उपास. मथाक्काच्या कोंबड्या वर्षातून तीन-चारदा उपास करायच्या. हसू नका, आम्हीही आधी हसलो होतो. त्या दिवशी उजाडल्यापासून त्यांना पाण्याचा थेंब नाही, कडक निर्जळी. ऊन थोडं चढलं की ती आत जाऊन दुधाळ गार पाणी करून आणायची आणि परळांतून पाजायची. तहानलेल्या कोंबड्या तुटून पडायच्या. हा म्हणे मरीआईचा उपास. तो केला की मर येत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला कोंबड्यांवर जी मानमोडी येते, माना वाकड्या होऊन खुराडीच्या खुराडी रिकामी होतात, ती कित्येक वर्षांत तिच्या अंगणात आली नव्हती हे सगळ्या वाडीनं बघितलं होतं. पुराव्याला आणखी काय पाहिजे?

उरलेलं पाणी ती लिंबाच्या बुडाशी ओतून टाकायची. एकदा रंजनानं भांडं पुढं केलं, म्हणाली, आक्का, माझ्या कोंबड्यांनाही त्यातलं घोटभर द्या की. मथाक्का म्हणाली, "ज्याचा उपास त्येनंच सोडायचा असतो गं." किती शहाणपणाचं वाटलं होतं ते वाक्य. मग वाडीतल्या सगळ्याजणी आपापल्या कोंबड्यांना उपास घडवायला लागल्या. दूध पावडर, हळदीची चिमूट, गार पाणी, आणि पाजायला घरोघर आक्काचा हात. एकीनं तर आपल्या बोक्यालाही पाजलं.

वर्षातून तीन-चारदा ती नातेपुत्याला बहिणीकडंही जायची. सकाळच्या एसटीनं जाणार, दुपारी परत. बरोबर एक लाल थर्मास. एसटी स्टँडावरचा चहा बाधतो म्हणायची. आम्ही कधी हे दोन्ही एकत्र करून पाहिलं नाही. पाहायचं कारणही नव्हतं.

मध्ये एक मुलगी मोबाइलवर व्हिडिओ काढायला आली. गावरान उपाय दाखवणारी. मथाक्का नवं लुगडं नेसून राखेच्या खड्ड्याशेजारी बसली आणि लसूण ठेचत म्हणाली, "लस-बिस काय न्हाय. समदं घरचं." तो व्हिडिओ इतका फिरला की नातेवाइकांच्या ग्रुपवरून तो मला परत आला. दोन महिने ती वाडीत अशी चालायची की जणू रस्ता तिनंच केला.

त्या साली तिचे गुडघे धरले. उपासाच्या दिवशी तिला घरोघरी जाववेना. बाया म्हणाल्या, आक्का नाही तर नाही, तिनं नेमलेला हात तर आहे. रंजना कळशी घेऊन घरोघर फिरली. प्रत्येक अंगणात तिनं स्वतःच्या हातानं पाणी पाजलं. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून दिसतो.

चैत संपता संपता मर आली. आधी रंजनाचा कोंबडा आरवायचा थांबला. मग हिरवी शीट, मग माना. कोंबड्या जागच्या जागी गोल फिरायच्या, मान पाठीवर मोडून आभाळाकडं बघत पडायच्या. रंजना लसूण वाटत होती, कांद्याचा रस चोचीत सोडत होती, ताक-हळद पाजत होती. मथाक्का काठी टेकत यायची, बघायची, "लसून वाडीव" म्हणायची आणि जायची. आठवड्याभरात वाडीत कोंबडीचा आवाज राहिला नाही. फक्त भिंतीपलीकडं मथाक्काच्या कोंबड्या खुशाल राख उधळत होत्या.

साहजिकच बाया तिच्या दारात गेल्या. उपास सगळ्यांनी केला, पाणी सगळ्यांच्या कोंबड्या प्याल्या, मग तुमच्याच कशा राहिल्या? मीही भिंतीपाशी उभी होते. रंजना पुढंच होती, तिला तर हा प्रश्न सगळ्यांच्या आधी पडला होता. मथाक्कानं काठी भिंतीला टेकवली. मग तिनं कुणाकडं न बघता सांगितलं.

"माजा अंदाज चुकला. रंजीच्या हाताला गुन न्हाय. पानी पाजताना इटाळ तरी झाला आसंल, न्हायतर हातच तसा."

झालं. ज्या तोंडानं दिलं त्याच तोंडानं काढून घेतलं. बायांना कारण हवं होतं, ते मिळालं. त्या दिवसापासून रंजनाला कुणी अंडी बसवायला बोलावलं नाही. पुढं घरोघर नवी पिलं आली, तेव्हा ती रस्त्यानं जाताना तिची सावली पडू नये म्हणून पिलांची डालगी आत जायला लागली. सासूबाईंना तर ऑपरेशनपासूनचं सगळं आता जुळवता आलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रंजनानं ते मानलं. भाकरी थापतानाही ती स्वतःच्या हाताकडं बघायची. एकदा मला म्हणाली, "ताई, पाळी तर बंद झालीया की माजी. मंग इटाळ कशाचा? म्हंजे हातच वाईट."

पावसाळा संपल्यावर मी शेळीच्या जंताचं औषध आणायला नातेपुत्याला गेले होते. जनावरांच्या औषधांच्या दुकानात माझ्या पुढचा माणूस कोंबड्यांची लस घेत होता. दुकानदार त्याला समजावत होता की सकाळी कोंबड्यांचं पाणी तोडा, तहान लागू द्या, मग गार पाण्यात दूध पावडर कालवून त्यात ही बाटली मिसळा आणि तासाभरात संपवा. बाटली त्यानं बर्फ घातलेल्या थर्मासात ठेवून दिली, दुसऱ्या सकाळपर्यंत टिकावी म्हणून.

माझा नंबर आल्यावर मी फक्त आमच्या वाडीचं नाव सांगितलं. दुकानदार खूश झाला. म्हणाला, "मथुराबाईंच्या वाडीच्या व्हय तुमी? लई वर्सं नेत्यात त्या. आलीकडं न्हाय का दिसल्या? फेब्रुवारीत येऊन गेल्या, त्या शेवटच्या." मग म्हणाला, एका बाटलीत शंभर कोंबड्यांचं औषध असतं, उघडली की ठेवता येत नाही. त्यानं तिला पहिल्यांदाच सांगितलं होतं की उरलेलं शेजारपाजारच्यांना द्या. आणि ती त्याला दर वेळी सांगायची, "पाजते की समद्यांस्नी."

मथाक्काच्या कोंबड्या वीसही नव्हत्या. बाकी सगळं लिंबाच्या बुडाशी गेलं होतं. वर्षानुवर्षं. रंजना भांडं घेऊन उभी असताना तिच्या डोळ्यांदेखत.

मी रंजनाला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं ती भडकेल, रडेल, निदान त्या मेलेल्या कोंबड्यांची नावं घेईल. तिनं स्वतःचा उजवा हात उलटा केला, सुलटा केला. मग तिनं विचारलं, "म्हंजे ताई, माजा हात वाईट नव्हता?" एवढंच.

मी त्याच दुपारी भिंत ओलांडली. मथाक्का लसूण सोलत बसली होती. दुकानाचं नाव काढताच तिचे हात थांबले. ती नाकारेल असं वाटलं होतं, पण नाकारलं नाही. मी लग्न होऊन ह्या वाडीत यायच्याही आधी, ती म्हणाली, एका उन्हाळ्यात तिच्या साऱ्या कोंबड्या मेल्या होत्या, लसूण पाजता पाजता. तेव्हापासून ती लस आणते. मानमोडीपुढं लसूण चालत नाही हे तिला आमच्या सगळ्यांच्या आधीपासून माहीत होतं.

मी विचारलं, मग सांगितलं का नाही?

"काय सांगू? माज्या हातानं न्हाय, बाटलीनं जगल्या म्हनून? मंग माज्या दारात कोन आलं आस्तं गं?"

मी म्हणाले, दोऱ्याचा गुंता बाटलीनं काढला नव्हता. पिलांची देवी बाटलीनं बरी केली नव्हती. लोक आलेच असते. तिनं माझ्याकडं असं बघितलं की हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला त्या क्षणी तिची कीव आली आणि कीव आल्याचा जास्त राग आला. मग मी रंजनाचं विचारलं. ती म्हणाली, तरणी आहे, विसरेल. मी सांगितलं, ती विसरणार नाही आणि वाडीही विसरणार नाही. एकदा सगळ्यांपुढं म्हणा की तिचा हात वाईट नाही. लसीचं नका सांगू हवं तर, तुमचं काय ते झाकून ठेवा. फक्त तेवढं एक वाक्य.

"म्हनते की," ती म्हणाली. "येळ यिऊ दे."

वाडीला मी सांगून बघितलं. सासूबाई म्हणाल्या, तू पहिल्यापासून तिच्यावर जळतेस. एक म्हणाली, दुकानदार काय, कुणाचंही नाव घेतात. पुढच्या खेपेला मी लसीची बाटली आणते म्हटलं तर दोघी-तिघी तयार झाल्या, बाकीच्या म्हणाल्या, आक्काला विचारून सांगतो. रंजना मला म्हणाली, ताई, तुम्ही नका भांडू. आक्कानं घेतलंय, आक्काच देतील. ती अजूनही वाट बघत होती. येता-जाता ती मथाक्काच्या दाराशी जरा रेंगाळायची, आणि मथाक्का "जेवलीस का गं?" असं मायेनं विचारायची. ती माया खरीच होती, ह्याचं मी काय करू?

दिवाळीनंतर तिचा मुलगा गाडी घेऊन आला. गुडघ्यांमुळं आता एकटीला राहवत नव्हतं, तो तिला सोलापूरला न्यायला आला होता. कोंबड्या तिनं वाटून टाकल्या. सगळी वाडी दारात जमली. कुणी ओटी भरली, कुणी शेंगाचटणीची पुडी दिली, दोघी-तिघी रडल्या. मी रंजनाला पुढं ढकललं. ही वेळ होती. याहून जास्त माणसं परत कधी जमणार नव्हती, आणि ती परत येणार नव्हती हेही सगळ्यांना कळत होतं.

रंजनानं वाकायचं नसतं, तरी ती वाकली आणि मथाक्काच्या पायांना हात लावला. मग उठून समोरच उभी राहिली, बाजूला झाली नाही. फक्त बघत राहिली. मथाक्काला कळलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग जमलेल्या बायांकडं बघितलं. सगळ्या पुढं सरकल्या, आक्का जाता जाता काय बोलते ते ऐकायला. तिनं रंजनाच्या डोक्यावर हात ठेवला.

"देव तुज्याबी हाताला गुन दिईल," मथाक्का म्हणाली आणि गाडीत बसली.

गाडी कॅनॉलच्या पुलावरून गेली तरी रंजनाची मान तशीच खाली होती. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि तिला म्हणाल्या, "बगितलंस? एवडं हून बी आशीर्वाद दिऊन गेली तुला."